'आपण मानतो' म्हणजे कोण? नागपुरातल्या सहावीच्या वर्गाचं एक प्रकरण

दसऱ्याच्या सुट्टीला चार दिवस होते. सहावीच्या इतिहासात प्राचीन भारतातल्या धार्मिक प्रवाहांवर एक पाठ आहे. जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम, पारशी या सगळ्यांची ओळख त्या एका पाठात करून द्यायची आणि तासिका मिळतात चार-पाच. बौद्ध धर्माचा भाग संपत आला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, बुद्ध देव होते का?"

मी म्हणाले, "आपण त्यांना विष्णूचा नववा अवतार मानतो."

घंटा झाली आणि मी वही मिटून बाहेर पडले. आपण काही वावगं बोललो असं तेव्हा मला अजिबात वाटलं नाही. उलट दोन धर्म जवळ आणले असंच वाटलं होतं. ही चूक माझी होती. पुढे ती निस्तरताना आणखी एक झाली, तीही माझीच. दोन्ही इथे सविस्तर मांडते, कारण वर्गात धर्म शिकवताना आपण नेमके कुठे घसरतो ते मला या दोन वाक्यांतून कळलं.

शाळा आणि वर्ग

आमची शाळा दक्षिण नागपुरातली, अनुदानित, मराठी माध्यमाची. वर्गात पंचेचाळीसेक मुलं. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांच्या घरात होती आणि त्यात साधारण दर सहावा-सातवा माणूस बौद्ध होता. माझ्या वर्गात हे प्रमाण त्याहून जास्त आहे. काही मुलं मुस्लिम, दोघं ख्रिस्ती, एक जैन, दोन गोंड, बाकीची हिंदू घरांतली. हजेरीपटावरून हे मला माहीत होतं. शिकवताना मात्र ते माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

दसऱ्याच्या दिवशी या शहरात काय चालतं ते नागपूरकराला सांगायला नको. कोणी घरी आपट्याची पानं वाटतं. कस्तुरचंद पार्कवर रावण जळतो, आणि रावण जाळू नका असं म्हणणाऱ्या आदिवासी संघटनाही याच विदर्भातल्या आहेत. दीक्षाभूमीवर तर देशभरातून लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे भन्ते चंद्रमणींकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञांसह. त्यातली पाचवी प्रतिज्ञा नेमकी मी जे बोलले त्याबद्दल आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानत नाही, हा प्रचार खोटा आणि खोडसाळ आहे, असा तिचा आशय. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी या प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत. मी त्यांच्यासमोर उभी राहून 'आपण मानतो' म्हणाले होते.

पहिली तक्रार

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एका मुलीचे वडील आले. रेल्वेत नोकरी, ड्यूटी संपवून थेट शाळेत.

"मॅडम, मी भांडायले नाही आलो," ते म्हणाले. "पण पोरगी काल जेवली नाही बरोबर. मले विचारून राहिली, का परीक्षेत मॅडम सांगतात ते लिहायचं का आजी सांगते ते?"

मी माझी बाजू मांडू लागले. अवतार म्हणणं हा सन्मानच आहे, मला कोणाला कमी लेखायचं नव्हतं, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्यासाठी सन्मान असंल जी. माझी आजी छप्पन साली बैलगाडीने आली होती इथे, चार पोरं घेऊन. जे सोडायले आली होती त्यातच तुम्ही तिले परत बसवून देऊन राहिल्या."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर मी थोडं वाचलं, आमच्या संस्कृतच्या बाईंशी बोलले. तेव्हा कळलं की 'सन्मान' हे माझं म्हणणंही अर्धवटच होतं. काही पुराणांत बुद्धावतार येतो तो असुरांना मोहात पाडून वेदमार्गापासून दूर नेण्यासाठी. दुसरीकडे यज्ञातली पशुहत्या थांबवणारा करुणामय अवतार अशी स्तुतीही आढळते. दशावतारांच्या सगळ्या याद्या सारख्या नाहीत. काहींत त्या जागी बलराम येतो. महाराष्ट्रात तर काही जुन्या शिल्पांत आणि पंचांगांत नवव्या जागी विठ्ठल दिसतो. म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने मी बोलले, तिच्यातसुद्धा एकमत नव्हतं, आणि मी तो सगळ्या वर्गाचा विश्वास करून टाकला.

दुसरी चूक

मला लगेच भरपाई करायची होती. तिसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि सांगितलं, "परवा मी चुकीचं शिकवलं. बुद्ध अवतार नव्हते. ते माणूस होते."

ती मुलगी खूश झाली, हे मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक पालक शाळेत आल्या, एका मुलाची आई. त्यांच्या देवघरात दशावताराची तसबीर आहे, सासऱ्यांच्या वडिलांच्या काळची. मुलगा घरी जाऊन आजोबांना म्हणाला होता, "हे चित्र खोटं आहे, मॅडमनी सांगितलं." आजोबा तेव्हापासून कोणाशी बोलले नव्हते.

"आमच्या घरात काय मानायचं ते शाळा ठरवणार आहे का?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या प्रश्नात आणि रेल्वेतल्या त्या वडिलांच्या प्रश्नात काहीच फरक नव्हता. दोन्ही घरांची तक्रार रास्त होती. आणि 'माणूस होते, अवतार नव्हते' हे माझं वाक्य बौद्धांना पटणारं असलं, तरी इतिहासाच्या बाईने निकाल म्हणून देण्यासारखं नव्हतं. सिद्धार्थ गौतम ही ऐतिहासिक व्यक्ती होती हे इतिहास सांगतो. ती कोणाचा अवतार होती की नव्हती याचा निवाडा इतिहासाच्या साधनांनी होत नाही.

मुख्याध्यापकांच्या खोलीत

मुख्याध्यापक सरांनी आम्हा चौघा-पाच शिक्षकांना बसवलं. त्यांचा सल्ला सरळ होता: पुस्तकात जेवढं आहे तेवढंच वाचून दाखवा, प्रश्न आला तर 'घरी विचारा' म्हणा. त्यांची काळजी मी समजू शकते. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तोपर्यंत दोन्ही बाजूंचे संदेश फिरायला लागले होते. पण मुलं प्रश्न विचारतातच. शाळेने उत्तर दिलं नाही तर ते गल्लीत मिळतं, आणि तिथे ते कसं मिळतं हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसऱ्या एका सरांनी सुचवलं, शेवटी 'सगळे धर्म एकच शिकवतात' असं सांगून विषय मिटवा. याला मी विरोध केला. हेतू चांगला असला तरी ही माहिती चुकीची आहे. जैन आणि बौद्ध परंपरा जगाचा निर्माता ईश्वर मानत नाहीत. इस्लाममध्ये ईश्वर एकच आहे आणि अवताराची कल्पना नाही. ख्रिस्ती माणूस येशूला ईश्वराचा पुत्र मानतो, मुस्लिम त्याच ईसांना पैगंबर मानतो. हे फरक त्या त्या माणसांच्या दृष्टीने जिवाभावाचे आहेत. ते पुसून टाकले की उरतं ते बहुसंख्यांच्या सवयीचं काहीतरी, आणि त्यालाच आपण एकता म्हणतो. माझं पहिलं वाक्य नेमकं असंच जन्मलं होतं.

मग कायद्याचा प्रश्न निघाला. धर्माबद्दल शिकवायची परवानगी तरी आहे का? संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आमच्यासारख्या अनुदानित शाळेत विद्यार्थ्यावर धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते. पण धर्माचं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा धार्मिक शिक्षण वेगळं आणि धर्माचा अभ्यास किंवा संशोधन वेगळं, असं खुद्द बाबासाहेबांनी स्पष्ट केलं होतं. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) हाच भेद केला आणि जगातल्या प्रमुख धर्मांची ओळख अभ्यासक्रमात असावी असं सुचवलं. १९९९ साली शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने सर्व धर्मांच्या मूलतत्त्वांची माहिती मुलांना द्यावी अशी शिफारस केली. त्या वेळचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात न्यायालयाने धर्मांचा असा अभ्यास अनुच्छेद २८ च्या विरोधात जात नाही असा निकाल दिला.

तेव्हा शिकवायला आडकाठी नव्हती. कसं शिकवायचं हा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि तो कोणताही निकाल आमच्यासाठी सोडवणार नव्हता.

कर्ता कुठे आहे?

तोडगा व्याकरणातून निघाला. संस्कृतच्या बाईंनी माझं पहिलं वाक्य फळ्यावर लिहिलं: 'आपण बुद्धांना विष्णूचा अवतार मानतो.' खाली दुसरं: 'बुद्ध अवतार नव्हते.' आणि विचारलं, "पहिल्यात कर्ता कोण? दुसऱ्यात मानणारा कोण?"

मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तो आत ओढला जातो, त्याला विचारलेलं असो वा नसो. माझ्या 'आपण'मध्ये त्या मुलीची पणजी ओढली गेली होती. दुसऱ्या वाक्यात तर मानणारा माणूसच गायब होता, ते जणू आकाशवाणीसारखं आलं. दोन्ही वाक्यांना खरा कर्ता दिला की काय होतं ते पाहा: 'अनेक वैष्णव बुद्धांना विष्णूचा अवतार मानतात.' 'बौद्ध तसं मानत नाहीत. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ही कल्पना स्पष्ट नाकारली आहे.' दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. ती ऐकून कोणत्याही घरातल्या आजी-आजोबांना खोटं ठरवावं लागत नाही.

सुट्टीनंतर मी हे वर्गात केलं. आधी दोन्ही वेळच्या चुकांबद्दल मुलांची माफी मागितली. मग फळ्यावर वाक्यं लिहिली आणि प्रत्येकासाठी एकच प्रश्न: हे कोण म्हणतं? बुद्धांनी पहिलं प्रवचन सारनाथला दिलं. येशूंना रोमन सत्तेने क्रुसावर चढवलं. येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठले. मुहंमद पैगंबर ६२२ साली मक्केहून मदिनेला गेले. कुराण जिब्रीलमार्फत उतरलं. महावीर चोविसावे तीर्थंकर. मुलांनी दोन-तीन चुका केल्या, पण पंधरा मिनिटांत त्यांना भेद दिसायला लागला. इतिहासकार काय म्हणतात, श्रद्धावान काय म्हणतात, आणि कुठे दोघंही तेच म्हणतात.

खरी कसोटी पुढे होती. मी लिहिलं, 'टेकडीचा गणपती नवसाला पावतो.' वर्ग थबकला. रेल्वे स्टेशनजवळचं ते देऊळ सगळ्यांना माहीत. एक मुलगा म्हणाला, "हे तर खरंच आहे नं मॅडम." मी विचारलं, "कोण म्हणतं?" बराच वेळ गेला. मग पुढच्या बाकावरून उत्तर आलं, "भाविक म्हणतात."

इथे मी जरा थांबते, कारण आपला पक्षपात सहसा इथेच लपलेला असतो. इतरांच्या धर्माबद्दल बोलताना आपण 'त्यांच्यात असं मानतात' हे न विसरता जोडतो. स्वतःच्या धर्माचं वाक्य मात्र नुसत्या 'आहे'वर संपतं. गणपती बुद्धीची देवता आहे. गंगा पवित्र आहे. 'मानतात' लावायचं तर सगळ्यांना लावायचं. सुरही सारखाच ठेवायचा, कारण 'ते असं मानतात' हे मराठीत ओठ जरा मुरडून म्हटलं की त्याचा अर्थ 'म्हणे' असा होतो, आणि मुलांना तो बरोबर ऐकू येतो.

मग ताजबाग. 'ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात मागितलेलं मिळतं.' हे कोण म्हणतं? वर्गाने एकमुखाने उत्तर दिलं, "मुस्लिम." तेव्हा दोन हिंदू मुलींनी हात वर केला, आमची आजी पण जाते. आणि एक मुस्लिम मुलगा हळूच म्हणाला, "आमच्या घरी दर्ग्यात जात नाहीत. अब्बू म्हणतात, फक्त अल्लाकडे मागायचं." १९२५ साली वारलेल्या या बाबांना रघुजीराव भोसल्यांनी आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात आणून ठेवलं होतं, हे मी सांगितलं. त्या एका वाक्याच्या कर्त्यात हिंदू आले, काही मुस्लिम आले आणि काही मुस्लिम बाहेर राहिले. अख्खा धर्म मिळून एक कर्ता होत नाही, हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

जिथे रकाने पुरले नाहीत

इस्लामच्या भागाच्या वेळी मी जवळजवळ तिसरी चूक करत होते. 'तू सांग रे, तुमच्यात रोजा कसा ठेवतात?' हे तोंडावर आलं होतं. थांबले. अकरा वर्षांच्या मुलाला धर्माचा वकील करून उभं करायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. त्याला माहीत नसेल, तो रोजा ठेवत नसेल, किंवा त्या दिवशी त्याला फक्त वर्गातला एक मुलगा म्हणून बसायचं असेल. स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं, विचारायचं नाही.

धर्मांचा तक्ता केला तेव्हा एका गोंड मुलाने विचारलं, "आमचा रकाना कुठे आहे?" त्याच्या घरी बडादेवाची पूजा होते. तक्त्यात ती कुठेच बसत नव्हती. हे नागपूर ज्याने १७०२ च्या सुमारास वसवलं तो बख्त बुलंद शाह देवगडचा गोंड राजा होता आणि त्याने इस्लाम स्वीकारला होता. शहराचा संस्थापकच दोन रकान्यांच्या रेषेवर उभा आहे. मी तक्ता फाडला नाही, पण त्याच्या खाली कोरी जागा सोडली आणि मुलांना सांगितलं की पुस्तकातल्या सहा नावांत जग संपत नाही. त्या मुलाने तिथे स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

सहलीबद्दल थोडक्यात. दीक्षाभूमी, ताजबाग आणि सदरमधलं कॅथेड्रल एका दिवसात पाहिलं. सगळ्या पालकांकडून लेखी संमती घेतली. चौघांनी दिली नाही. त्या मुलांना शाळेत तेवढंच रंजक काम दिलं आणि कोणालाही कारण विचारलं नाही. नियम एकच: चप्पल काढणं, डोकं झाकणं, शांत राहणं हा त्या जागेचा शिष्टाचार, तो पाळायचा. हात जोडणं, वाकणं ही उपासना, ती ज्याची त्याची, शाळा सांगणार नाही आणि अडवणारही नाही.

एक गोष्ट अजून तशीच आहे. आमच्या परिपाठात सरस्वतीची प्रार्थना असते, सगळ्या मुलांनी मिळून म्हणायची. वर्गात मी 'हे कोण म्हणतं?' विचारते आणि सकाळी मैदानावर पंचेचाळीस मुलं 'आम्ही' म्हणून एकाच देवीपुढे उभी असतात. हा मुद्दा मी लेखी दिला आहे. संस्थेने अजून काही कळवलेलं नाही. मी पुन्हा देणार आहे.

उत्तरपत्रिका

सत्र परीक्षेत मी तीन गुणांचा प्रश्न घातला: 'बुद्ध आणि अवतारकल्पना यांबद्दल दोन वेगवेगळ्या परंपरांचे म्हणणे लिहा.' दशावताराच्या तसबिरीच्या घरातल्या मुलाने दोन्ही बाजू नीट लिहिल्या. त्या मुलीने फक्त बौद्धांची बाजू लिहिली, अतिशय सुंदर, पाचव्या प्रतिज्ञेसह. दुसरी बाजू लिहिलीच नाही.

मी तिला दोन गुण दिले. रात्री बराच वेळ तो पेपर समोर घेऊन बसले. तिला दुसरी बाजू येत होती, वर्गात तिने ती सांगितली होती. लिहायची नव्हती एवढंच. कर्ता लावलेला असला तरी जे वाक्य आपल्या घराने प्रतिज्ञा घेऊन नाकारलं ते स्वतःच्या हाताने लिहायला लावणं ही सक्ती होते का? शेवटी मी ठरवलं, नाही होत. दुसरा काय मानतो हे नोंदवणं म्हणजे ते मानणं नव्हे. हेच शिकवायला तर मी पाठ पुन्हा घेतला होता. गुण बदलले नाहीत. समासात लिहिलं, 'दुसरी बाजू तुला येते. ती लिहिल्याने तुझी बाजू कमी होत नाही.'

पेपर पालकांच्या सहीसाठी घरी गेला. वडील पुन्हा आले, या वेळीही ड्यूटीवरून. त्यांनी पेपर टेबलावर ठेवला, माझा शेरा पुन्हा एकदा वाचला. "मी सांगितलं होतं तिले लिहायले," ते म्हणाले. "नाही म्हणाली. पुढच्या वेळी पाहू जी." आणि माझ्याकडून पेन मागून त्यांनी सही केली.